जुन्या डेस्कटॉपला ८ जीबी रॅम: वेग आला, 'मेमरी कमी'ची पाटी मात्र फुकटात गेली

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. डीडीआर-३ (म्हणजे जुन्या पिढीची), ८ जीबी, एसके हायनिक्सची, वापरलेली रॅम. लॅमिंग्टन रोडवरून गेल्या पावसाळ्यात अकराशे रुपयांना घेतली. पाचपैकी साडेचार तारे. पण तुम्ही जर "कॉम्प्युटरची मेमरी कमी आहे, फाइली सेव्ह करा आणि प्रोग्रॅम बंद करा" या पाटीला वैतागून रॅमच्या शोधात निघाला असाल, तर पाकीट काढण्याआधी पुढचं वाचा. माझी पाटी रॅम घेण्याच्या आधीच गेली होती आणि तिला एक पैसाही लागला नव्हता. रॅम घेतली ती त्यानंतर उरलेल्या दुखण्यावर.

मी डोंबिवलीत घरूनच डीटीपी करते. लग्नाच्या आणि मुंजीच्या पत्रिका, वधू-वरांचे परिचय, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल आणि भाद्रपद जवळ आला की मंडळांचे फ्लेक्स. मशीन २०१४ मध्ये जुळवून घेतलेलं: इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-३, एच-८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबीची एकच रॅम. पुढे १२० जीबीची एसएसडी बसवली आणि जुनी हार्डडिस्क डी ड्राइव्ह म्हणून राहिली. विंडोज १०. नवीन घे, नवीन घे असं घरात सगळेच म्हणतात. पैसे कोण घालणार इथे विषय संपतो.

पाटी यायची ती नेमकी फ्लेक्सच्या दिवसांत. लग्नपत्रिकेला ती कधीच आली नाही, आणि त्याचं कारण साध्या गुणाकारात आहे. पाच बाय सात इंचाची पत्रिका ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, केली तर ती १५०० गुणिले २१०० पिक्सेल होते. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, एका पिक्सेलला चार बाइट, म्हणजे एक पूर्ण थर जेमतेम साडेबारा एमबी. आता मंडळाचा दहा बाय सहा फुटी फ्लेक्स घ्या. नुसत्या ७२ डीपीआयला धरला तरी ८६४० गुणिले ५१८४ पिक्सेल, एक पूर्ण थर सुमारे १८० एमबी. त्यावर बाप्पा, मागे प्रभावळ, खाली कार्यकर्त्यांचे चेहरे. प्रत्येकाचा फोटो वेगळ्या थरावर, कारण कोण वर आणि कोण खाली हे शेवटच्या रात्रीपर्यंत ठरत नाही. शिवाय फोटोशॉप मागच्या पायऱ्या लक्षात ठेवतं, ते वेगळंच. शेजारी क्रोममध्ये व्हॉट्सॲप वेब उघडं, कारण फोटो तिथेच येतात. आणि पेजमेकर, पानं जुळवायचा जुना प्रोग्रॅम. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, त्या काळातल्या मशीनवर चालेल अशी लिहिलेली. तो बिचारा कोपऱ्यात बसून असतो, त्याला कुणी दोष देऊ नये.

माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना वाटतं की रॅम भरली की ही पाटी येते, आणि विंडोजने लिहिलेलं वाक्यही तसंच वाटायला लावतं. एक्सपीच्या काळातला फुगा जास्त प्रामाणिक होता. तो सरळ सांगायचा की व्हर्च्युअल मेमरी कमी पडते आहे आणि विंडोज पेजिंग फाइल वाढवत आहे. पेजिंग फाइल किंवा पेजफाइल म्हणजे रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर राखतं ती जागा. आताच्या पाटीत पेजिंग फाइलचा उल्लेखच नाही, म्हणून लोक थेट रॅमच्या दुकानात जातात.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. सगळ्यांची नजर 'इन यूज'वर जाते. त्याच्या खाली 'कमिटेड' असं लिहून मध्ये तिरकी रेघ देऊन दोन आकडे असतात. पाटी आली तेव्हा माझ्याकडे तिथे ४.७/४.९ जीबी होतं. दुसरा आकडा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल. पहिला म्हणजे प्रोग्रॅमांनी आपल्या नावावर करून घेतलेली मेमरी. रेल्वेच्या आरक्षणासारखंच आहे हे: डब्यात सीट रिकामी दिसते, पण ती कल्याणला चढणाऱ्याच्या नावावर असते. प्रोग्रॅम मेमरी आधी नावावर करून घेतात आणि बसतात नंतर. विंडोज मात्र जेवढी खरोखर देता येईल तेवढीच नावावर करतं, त्याच्याकडे वेटिंग लिस्ट नाही. दोन्ही आकडे एकमेकांना भिडत आले की पाटी येते. 'इन यूज'मध्ये तेव्हा थोडी रॅम मोकळी दिसत असली तरी येते.

आता हा ४.९ आकडा बघा. ४ जीबी रॅममधून ऑनबोर्ड ग्राफिक्स आपला थोडा वाटा काढून घेतं, उरते ३.९. म्हणजे पेजफाइल फक्त १ जीबी. विंडोज स्वतःच्या मर्जीने एवढी छोटी ठेवत नाही. त्याच्यावर सोडलं तर ती गरजेप्रमाणे रॅमच्या तिप्पट किंवा ४ जीबी, यातला जो आकडा मोठा असेल तिथपर्यंत वाढू शकते, फक्त ड्राइव्हच्या आठव्या हिश्शापुढे सहसा जात नाही. माझ्या हिशेबाने ती १२ जीबीपर्यंत जायला हवी होती. मग ही १ जीबीवर कुणी बांधली?

एसएसडी बसवून देणाऱ्या माणसाने. त्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, पेजफाइलमुळे एसएसडी लवकर जाते, सगळ्यांना असंच करून देतो." सगळ्यांना! मी हिशेब घातला. किंग्स्टनच्या ए-४०० या साध्यातल्या साध्या १२० जीबी एसएसडीला कंपनीने ४० टीबी लिखाणाची मर्यादा दिलेली आहे. पेजफाइलने रोज ५ जीबी लिहिलं असं धरलं तरी त्याला ८००० दिवस लागतात, म्हणजे एकवीस वर्षांहून जास्त. प्रत्यक्षात एसएसडीच्या आत त्याहून जास्त लिहिलं जातं हे मान्य, तरी निम्मी वर्षं धरा. तोवर हा बोर्डच राहायचा नाही. एसएसडी वाचवायला म्हणून त्याने माझे फ्लेक्स अडकवून ठेवले होते. सेवेला एक तारा, तोही स्क्रू सगळे परत लावले म्हणून.

दुरुस्तीला दोन मिनिटं लागतात. स्टार्टमध्ये 'ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज' टाइप करा. जी खिडकी उघडेल तिच्यात परफॉर्मन्सखालचं सेटिंग्ज, मग पुन्हा ॲडव्हान्स्ड, मग व्हर्च्युअल मेमरीखालचं चेंज. सगळ्यात वर एक चौकोन असतो: पेजिंग फाइलचा आकार विंडोजने आपोआप सांभाळावा. माझ्याकडे ती खूण काढून खाली १०२४ टाकलेलं होतं. खूण केली, मशीन रीस्टार्ट केलं.

पण नुसती परवानगी देऊन भागत नाही, वाढायला जागाही लागते. सी ड्राइव्हमध्ये जेमतेम ६ जीबी उरली होती. डाउनलोड्समध्ये सात-आठ वर्षांचे लग्नाचे फोटो होते, ते डी वर हलवले. फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क, म्हणजे काम चालू असताना तो तात्पुरतं जिथे साठवतो ती जागा, तीही डी वर नेली. ती पेजफाइलपासून स्वतंत्र असते आणि भरली तर फोटोशॉप आपली वेगळी पाटी दाखवतं. दोन्ही पाट्यांची गल्लत करू नका, एकीचं औषध दुसरीला लागू पडत नाही. हार्डडिस्कवर स्क्रॅच हळू चालते हे खरं, पण सी तुंबण्यापेक्षा बरं.

त्या संध्याकाळपासून 'मेमरी कमी'ची पाटी आली नाही. आजतागायत नाही.

कोण खातंय हे नेमकं बघायचं असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. तिथे विंडोज लॉग्जमधल्या सिस्टीममध्ये 'रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर' नावाने २००४ क्रमांकाची नोंद सापडते. पाटी आली तेव्हा सर्वात जास्त व्हर्च्युअल मेमरी घेणारे तीन प्रोग्रॅम त्यात नावानिशी आणि आकड्यांनिशी दिलेले असतात. एवढी चांगली माहिती विंडोज एवढ्या आत का लपवतं हे कळत नाही. माझ्याकडे पहिलं फोटोशॉप आणि उरलेली दोन्ही नावं क्रोमचीच. टास्क मॅनेजरच्या पहिल्या पानावर शोधत बसू नका, तिथला मेमरीचा रकाना प्रत्यक्ष रॅममध्ये बसलेला भाग दाखवतो. डिटेल्स या टॅबवर जा, रकान्यांच्या डोक्यावर उजवी क्लिक करून 'कमिट साइझ' रकाना जोडा आणि त्यावर क्रम लावा. खरे मानकरी वर येतात.

हाच प्रकार पुण्याच्या भाच्याकडे झाला. त्याच्या लॅपटॉपला १६ जीबी रॅम आणि तरी हीच पाटी. "मावशी, माझी रॅम खराब झालीय." त्याची रॅम ठणठणीत होती. कुठल्याशा व्हिडिओत बघून त्याने पेजफाइल पूर्ण बंद केली होती, म्हणजे कमिटेडची मर्यादा फक्त रॅमएवढी उरली. गेम आणि ब्राउझर मिळून ती गाठत होते. फोनवर पाच मिनिटांत काम झालं.

आता न चाललेल्या उपायांबद्दल, कारण शोधायला गेलं की तेच आधी दिसतात. फुकट 'रॅम क्लीनर' वापरून पाहिला. बटण दाबलं की मोठा हिरवा आकडा येतो, १ जीबी मोकळी झाली वगैरे. 'इन यूज' खरंच खाली जातो. कमिटेडचा आकडा जागचा हलत नाही! हे प्रोग्रॅम इतरांची पानं, म्हणजे मेमरीचे तुकडे, रॅममधून बाहेर ढकलतात, त्यांची नावावरची मेमरी तशीच राहते. मग फोटोशॉपवर परत क्लिक केलं की ती सगळी पानं डिस्कवरून पुन्हा आणावी लागतात आणि मशीन आधीपेक्षा जास्त वेळ गोठतं. वर हा क्लीनर स्वतः घड्याळाशेजारी बसून मेमरी खातो, तो वेगळा. तारे शून्य. रेडीबूस्टसाठी पेन ड्राइव्ह लावायचा सल्लाही मिळाला. तो व्हिस्टाच्या काळापासून आहे आणि डिस्कवरचं वाचन लवकर व्हावं म्हणून आहे. त्याने रॅम वाढत नाही, कमिटेडची मर्यादाही वाढत नाही, आणि एसएसडी असेल तर विंडोज सहसा तो चालूच करू देत नाही.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सखाली 'मेमरी सेव्हर' आहे, तो मात्र करा. न वापरलेले टॅब तो झोपवतो. व्हॉट्सॲप वेबला त्यातून वगळा, नाहीतर ग्राहकाचा मेसेज आलेला कळत नाही आणि तो फोन करून विचारतो, "ताई, प्रूफ बघितलं का?" क्रोममध्येच शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, कुठला टॅब किती घेतो हे तिथे स्वच्छ दिसतं. एका प्रसिद्ध रेसिपीच्या पानाने जाहिरातींसकट माझ्या अख्ख्या पेजमेकरच्या कितीतरी पट मेमरी घेतली होती, आणि तेही उकडीच्या मोदकांसाठी, जे मला येतात.

फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्सखाली त्याने किती रॅम वापरावी ते ठरवता येतं. मुळात ते साठ-सत्तर टक्के धरून बसतं. ४ जीबीच्या मशीनवर मी ते पन्नासवर आणलं आणि हिस्टरीच्या पायऱ्या वीस केल्या. फरक पडला, थोडा.

एवढं करून पाटी गेली, पण मशीन रांगायला लागलं. हे अपेक्षितच होतं. नावावर मेमरी मिळते, पण बसायला रॅमच नाही, म्हणून पानं सतत डिस्कवर जातात आणि परत येतात. फ्लेक्सवर एक थर हलवला की माउसचं वर्तुळ फिरत राहायचं. क्रोमवरून फोटोशॉपवर यायला मी चहा ढवळून घ्यायचे. पाटी हा अडथळा, आणि हा निव्वळ संथपणा. यावर मात्र रॅमशिवाय इलाज नाही, आणि इथून खरा खर्च सुरू होतो.

आमच्या स्टेशनजवळच्या दुकानात विचारलं तर "डीडीआर-३ आता मिळत नाही, नवा सेट घ्या." हे अर्धसत्य आहे. नवी चांगल्या कंपनीची मिळणं अवघड आहे, पण कंपन्यांनी आणि बँकांनी मोडीत काढलेल्या ब्रँडेड मशीनमधून निघालेली भरपूर मिळते. ऑनलाइन पाहिलं तर नवी ८ जीबी डीडीआर-३ अगदी स्वस्त दिसली. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, 'फक्त एएमडी बोर्डसाठी'. याकडे दुर्लक्ष करू नका. त्या रॅमवर चिप वेगळ्या रचनेच्या असतात, इंटेलचे या काळातले बोर्ड त्या ओळखत नाहीत. खाच जुळते, रॅम आत बसते, पण मशीन चालू होत नाही.

म्हणून लॅमिंग्टन रोड. ज्यांना कागदावरचं नाव हवं त्यांच्यासाठी डॉ. भडकमकर मार्ग. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, पूर्वेला बाहेर पडून चालत. रविवारी जाऊ नका, बरीच शटर खाली असतात. दुकानाचं नाव देत नाही, कारण तो गाळा एका जिन्याखाली आहे, त्याच्यावर पाटीच नव्हती, आणि तिथे असे गाळे रांगेने आहेत. दुकानापेक्षा काउंटरवरचा माणूस काय विचारतो ते बघा. दोन ठिकाणी "आठ जीबी? हजार, बाराशे" असा सरळ भाव आला. तिसऱ्या ठिकाणच्या पोराने विचारलं, "काकू, बोर्ड कुठला?"

तिथेच मी खुर्ची ओढून घेतली.

एच-८१ म्हटल्यावर त्याने न बघता सांगितलं, दोन स्लॉट, एकेका स्लॉटला जास्तीत जास्त ८, मिळून १६. बरोबर होतं. जुनी ४ जीबी किती मेगाहर्ट्‌झची? १६००. मग त्याने डब्यातून तीन रॅम काढल्या आणि लेबल वाचायला शिकवलं. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे पूर्ण लिहिते. लेबलवर 'पीसी३-१२८००यू' असं काहीतरी असतं. पीसी३ म्हणजे डीडीआर-३. त्यापुढे 'एल' असेल तर ती कमी व्होल्टेजची, १.३५ ची, आणि साध्या १.५ च्या बोर्डवरही ती सहसा चालते. १२८०० म्हणजेच १६०० ची रॅम, एक आकडा दुसऱ्याच्या आठपट. शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. 'यू' असेल तर आपल्या घरच्या डेस्कटॉपची. 'एस' असेल तर लॅपटॉपची, ती लांबीने अर्धी असते, त्यामुळे चूक होत नाही. 'आर' असेल तर सर्व्हरची, आणि फसगत इथे होते. तिलाही २४० पिना, तीच खाच, दिसायलाही तशीच, पण आपल्या बोर्डवर चालणार नाही. मोडीत सर्व्हरही निघतात, म्हणून ती स्वस्त विकली जाते. त्याआधी '२आरएक्स८' सारखं काही दिसतं. शेवटी ८ असलेली घ्यायची, ४ असलेली टाळायची. ऑनलाइन दिसलेल्या 'फक्त एएमडी'चा घोळ या ४ पाशीच असतो.

काउंटरवर एक उघडा बोर्ड मांडलेला होता, त्याला छोटा मॉनिटर. माझी निवडलेली रॅम त्याने त्यात लावून दाखवली. मशीनच्या भागांची माहिती दाखवणारं सीपीयू-झेड उघडलं, त्यात 'एसपीडी' नावाचा टॅब आहे. तिथे कंपनी, आकार, वेग सगळं दिसलं. लेबल बदलता येतं, आतल्या चिपमधली ही माहिती बदलणं तितकं सोपं नाही. दुकानदार जर असं लावून दाखवायला कुरकुरला तर पुढच्या गाळ्यात जा.

अर्धा तारा इथे कापला. बिल मागितल्यावर त्याने पावतीपुस्तकातल्या पानावर 'एक महिना टेस्टिंग वॉरंटी' लिहून दिलं, पक्कं बिल नाही. आणि रॅम वर्तमानपत्रात गुंडाळून दिली! कोरड्या हवेत कागदाने स्थिर वीज तयार होते, या चिपना तीच नको असते. पावसाळा होता म्हणून निभावलं असेल. आता जाणाऱ्यांनी मशीनच्या सुट्या भागांची ती चंदेरी पिशवी घरून न्यावी.

बसवणं घरीच केलं. आधी वायर काढून पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे उरलासुरला करंट जातो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला. खाच बघून रॅम सरळ धरली, दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबली आणि दोन्ही बाजूंचे कान खट्‌कन बंद झाले. चालू केलं तर मॉनिटर काळा आणि आतून बीप, बीप. आमचे हे लगेच, "म्हटलं होतं ना." दोन्ही रॅम बाहेर काढल्या. जुन्या ४ जीबीच्या सोनेरी पट्ट्या अकरा वर्षांत काळवंडल्या होत्या. त्यांवर मुलाच्या कंपासपेटीतलं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवलं, कचरा ब्रशने झटकला आणि परत लावल्या. चालू. खोडरबराचा हा उपाय देशभरातले मेकॅनिक करतात आणि तो चालतो, फक्त घासताना जोर नको.

मग 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' चालवलं, ते विंडोजमध्येच असतं, स्टार्टमध्ये नाव टाइप केलं की मिळतं. वापरलेल्या रॅमला एवढ्यावर थांबू नये. रॅम तपासणारं मेमटेस्ट-८६ पेन ड्राइव्हवर घेऊन रात्रभर लावलं. सकाळी चुका शून्य. एक जरी चूक दिसली असती तर रॅम परत, कारण खराब रॅम पाटी दाखवत नाही, ती गुपचूप फाइली बिघडवते, आणि प्रश्नपत्रिकेत ते परवडत नाही.

४ आणि ८ अशी विजोड जोडी चालते का, असं बरेच जण विचारतात. चालते. इंटेलच्या या बोर्डांवर दोन्हींतले ४-४ जीबी दुहेरी मार्गाने चालतात आणि उरलेले ४ एकेरी. ८-८ ची जोडी सरस, पण माझ्या कामात फरक जाणवला नसता.

आता तोच फ्लेक्स, तेच थर, तेच क्रोम. 'इन यूज' साडेसहाच्या आसपास, पाचच्या वर मोकळे. क्रोमवरून फोटोशॉपवर यायला क्षण लागतो. फोटोशॉपला परत सत्तर टक्के दिले, हिस्टरी पन्नास केली. कमिटेडचा आकडा मर्यादेच्या आसपासही फिरकत नाही. पेजफाइल मात्र आपोआपवरच ठेवली आहे, आता १२ जीबी झाली म्हणून ती बंद करायचा सल्ला मला एकाने दिलाच. फ्लेक्स रंगवताना पंख्याचा आवाजही कमी झाला असं मला वाटतं, घरातल्यांना वाटत नाही.

कुणी घेऊ नये? तुमचं विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम त्याला वापरता येत नाही, पैसे वाया. सिस्टीमच्या माहितीत ते लिहिलेलं असतं, आधी बघा. रॅम लॅपटॉपच्या बोर्डवरच जोडलेली असेल तर प्रश्नच नाही. आणि पाटी जर मशीन काही दिवस बंद न केल्यावरच येत असेल, रीस्टार्ट केल्यावर जात असेल आणि परत हळूहळू येत असेल, तर एखादा प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर मेमरी घेऊन परत देत नाहीये. तिथे १६ काय, ३२ जीबी टाकली तरी पाटी फक्त दोन दिवस उशिरा येईल. 'कमिट साइझ'चा रकाना रोज बघा, कुणाचा आकडा चढतच जातो ते सापडतं.

जुन्या मशीनवर पैसे घालावेत का हाही प्रश्न आहेच. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षेचे वाढीव अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, ते मी चालू करून घेतले. चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. दुसरीकडे, नवं मशीन घ्यायला ही वेळ वाईट आहे. एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरीचा माल वळल्याने २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आणि ३ डिसेंबर २०२५ ला मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर आपला क्रुशल हा किरकोळ ग्राहकांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून माझा बेत असा: २०२६ चा गणपती याच मशीनवर काढायचा. ऑक्टोबरनंतर त्याची नेटची वायर काढून ते फक्त पेजमेकर आणि जुन्या फाइलींना ठेवायचं, आणि व्हॉट्सॲपवरचे फोटो पेन ड्राइव्हने आणायचे. तुम्हालाही डीडीआर-३ घ्यायची असेल तर जुनी रॅम काढून बरोबर न्या, लेबल समोरासमोर जुळवता येतं.